डाव्या हातातली इस्त्री

थोरल्या जाऊबाईंना,

वाकून नमस्कार राहू द्या, पोटाचे टाके कालच निघालेत.

लाँड्रीत तुम्हीच शिकवलंत, उजवी कूस दुखली की ती इस्त्री ओढून आलेली कळ, इस्त्रीची कळ, गरम फडकं लावायचं आणि कामाला लागायचं. वीस वर्षं तेच केलं. यावेळी आधी बेंबीपाशी दुखलं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं. ताप चढला, दोनदा उलटी झाली. बाया म्हणाल्या, "फडकं लाव." मी इस्त्री डाव्या हातात घेतली, उजव्या कुशीला आराम पडतो का बघायला. तासाभरानंतरही दुखणं उजवीकडेच, उलट वाढलेलं. म्हटलं, ही इस्त्रीची कळ नव्हे. शर्ट अर्धा टाकून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अपेंडिक्स आहे. शेकत बसला असतात तर फुटलं असतं."

तुमचं ऐकलं नाही म्हणून जगले, जाऊबाई. लिहितानासुद्धा बरं वाटतंय.

आता तुमची सून सांगते, जेवण झालं की तुमच्या उजव्या बरगडीखाली कळ येते आणि तुम्ही फडकं घेऊन बसता. हे पत्र पाठवलं तर तुम्ही त्याची घडी घालून उशीखाली ठेवाल. म्हणून पाठवतच नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मीच येते. आल्या आल्या तुम्हाला चपला घालायला लावते, सरळ दवाखान्यात जायचंय.

तुमचं कधीच न ऐकणारी,
धाकटी जाऊ