बर्फाला ढग समजणारा उपग्रह

बाई, आज इथे वेस्ट विंडसरला बर्फ पडून लख्ख ऊन निघालं आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला आठवतंय ते दोन हजार पाचचं साल असेल, तुम्ही होतात तेव्हाचं. नागपूरहून येऊन तुमच्याकडे पीएचडी करायला लागल्यावरचा माझा दुसरा हिवाळा. जमिनीवर किती अतिनील किरण पोचत असतील याचा अंदाज उपग्रह वरून द्यायचा, आणि तो युनिव्हर्सिटीच्या शेतात ठेवलेल्या आपल्या यंत्राच्या मोजणीशी ताडून बघायचा, हे माझं काम. उन्हाळाभर आकडे बरे जुळले. जानेवारीत मात्र आपलं यंत्र उपग्रहापेक्षा भलतेच जास्त किरण दाखवायला लागलं. उपग्रहाच्या टीममधले एक सीनिअर शास्त्रज्ञ फोनवर म्हणाले की तुमचं यंत्र बिघडलंय, हिवाळ्याचे दिवस गाळून टाका. पेपर अडकला तर माझं पुढचं फंडिंगही अडकणार होतं. मी गाळायला तयार झाले.

तुमची किमो नुकतीच संपली होती, घरूनच काम करत होतात. तुमच्या किचनमध्ये मी लॅपटॉप उघडून बसले आणि तुम्ही मुगाची खिचडी ढवळत सगळं ऐकून घेतलंत. मग एवढंच विचारलंत, "आकडे जुळले नाहीत त्या दिवशी ऊन होतं का?" मी म्हणाले, माहीत नाही, मी लॅबमध्ये होते. "किरण मोजतेस आणि खिडकीबाहेर बघत नाहीस?" ते मला फार लागलं. खिचडी मी मान खाली घालून खाल्ली. निघताना तुम्ही तुमचे बर्फातले बूट माझ्यापुढे ठेवलेत. माझे ओले कापडी बूट तुम्ही दारातच पाहिले होते.

पुढचा बर्फ पडून थांबला त्या सकाळी तुमचा फोन आला, खाली ये, मी गाडीत आहे. शेजारच्या सीटवर तुमचे यजमान, आमचे काका, रागावलेले, कारण डॉक्टरांनी तुम्हाला थंडीत बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. शेतात घोट्याच्या वर बर्फ आहे, वर निळंशार आकाश. तुमच्या पायात काकांचे मोठे बूट, हातात नुकतंच तपासून आलेलं दुसरं यंत्र. आपण ते पहिल्याच्या शेजारी ठेवतो. दोन्ही आकडे सारखे येतात. तुम्ही डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून उभ्या राहता.

त्या दिवसाचा उपग्रहाचा अंदाज आला तो आपल्या मोजणीच्या निम्म्याच्या आसपास. तुम्ही त्या सीनिअरना फोन केलात आणि शांतपणे सांगितलंत की वरून जमीन पांढरी दिसते, तुमचा हिशेब तिलाच ढग समजतोय आणि किरण अडले असं धरतोय. आम्ही स्वतः तिथे उभे होतो, आकाशात ढग नव्हता, हेही सांगितलंत. ते म्हणाले, डेटा पाठवा. हिवाळ्याचे दिवस पेपरमध्ये राहिले, फंडिंगही मिळालं. पेपर छापून आला तेव्हा तुम्ही होतात. माझी पीएचडी झाली तेव्हा नव्हतात. आता माझेच विद्यार्थी माझी बोलणी खाऊन मुकाट आकाश बघून येतात.

हे काकांना वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसले, पण नाही दाखवणार, शेवटचं फक्त तुम्हालाच सांगायचंय. आपलं यंत्र बरोबर निघालं याचा आनंद झालाच, बाई. पण त्या सकाळी एवढ्या थंडीत खाली माझ्यासाठी तुमची गाडी उभी दिसली, तेव्हाच मला रडू आलं होतं. डोळे का ओले, असं तुम्ही विचारलंत, तर मी थंडीवर ढकललं.