दोन पेट्यांतला माणूस

प्रिय लंबू,

१. जुन्या दफनभूमीतून आलेल्या एका सांगाड्यात डाव्या मांडीचं हाड उजवीपेक्षा दोन बोटं तोकडं निघालं.
२. जोडी जमेना म्हणून मी ते दुसऱ्या कुणाचं तरी ठरवलं आणि वेगळ्या पेटीत ठेवलं.
३. चूक माझी होती.
४. काल मी प्रयोगशाळेत मोठ्याने हसले.

शेवटचं तुला पटणार नाही, पण मॅडम साक्षीला आहेत.

घाई नडली. हाड धुण्याआधीच मी ते मापलं होतं. काल ओल्या ब्रशने मधली माती सुटली आणि खाली गाठ दिसली. हाड मोडून, एकावर एक चढून, वाकडं जुळलेलं. दुसरा माणूस नव्हताच. खुब्याच्या खोबणीत वरचा गोळा अलगद बसला. बिचारा आठवडाभर दोन पेट्यांत पडून होता. मॅडम म्हणाल्या, "अगं, त्याचा पाय तरी त्याला देशील की नाही?" फोटो नव्या मुलीने काढले. बरे आहेत, पण तुझी सर नाही. शिडी मात्र तिला चढू दिली नाही. तू पडलास तेवढं पुरे.

पाय मोडला तेव्हा हा गडी तरुण असावा. गाठ गुळगुळीत झाली आहे, म्हणजे पुढे बरीच वर्षं जगला. दोन्ही गुडघे झिजलेत, म्हणजे भरपूर चालला. दात तर तुझ्यापेक्षा बरे. पण हाड जुळेपर्यंत त्याला उठता आलं नसणार. कुणीतरी पाणी दिलं, भरवलं, कूस बदलली. अहवालात मी 'शुश्रूषा झाली असावी' एवढंच लिहिलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी केली?" मी म्हटलं, हाडावरून सांगता येत नाही. "मग इतकी खूश का आहेस, बाई?" उत्तर माहीत होतं. दिलं नाही.

ते तुला देते. पाय तोकडाच राहणार, म्हणून लग्नाचं विचारलेलं मागे घेतो, असं तू लिहिलंस. घेता येणार नाही. तेव्हा मी 'बघू' म्हणाले होते. बघितलं. पाय तोकडा म्हणून माणूस वेगळा काढायची चूक एकदा झाली, पुन्हा करणार नाही. माझं उत्तर 'हो' आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, तिथे जिने आहेत. तुझ्या आईंना काय सांगायचं ते तू ठरव, आणि शुक्रवारपर्यंत मला उत्तर पाठव.

तुझीच,
फूटपट्टी