व्याह्यांसमोर बिसलेरी म्हणू नये

नंदनवन, नागपूर
रविवार

ती. यमुताईस,

अनंताचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि हे वाक्य मी आठ दिवसांत आज पहिल्यांदा मनापासून लिहितो आहे. (फोनच केला असता, पण तुझा फोन तुझ्याआधी शेजारणीला ऐकू येतो.)

मुग्धाचं जमलं! केयूर तिने स्वतःच पसंत केलेला, आमची काहीच हरकत नव्हती. धास्ती होती ती त्याच्या वडिलांची. भैय्याजींचा बुटीबोरीला बाटलीबंद पाण्याचा कारखाना आहे, नाव 'शीतलधारा'. एका लग्नात वाढप्याने त्यांना बिसलेरी हवी का म्हणून विचारलं, तर गृहस्थ भरल्या ताटावरून उठले. आणि आपलं घर तर तुला माहीतच आहे. दात कशानेही घासा, ते कोलगेट. कागदाची नक्कल कुठल्याही यंत्रातून निघो, ती झेरॉक्स. मुग्धा रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, एवढा एक शब्द सांभाळा." आठवडाभर तुझी भावजय पुष्पलता माझ्याकडून घोकून घेत होती, पाणी म्हणा, नुसतं पाणी.

तरी आज मंडळी जेवायला आली आणि ऐन जेवणात माझ्या तोंडून "बिस..." निघालंच. पुष्पलताने डोळे वटारले, तशी मी गाडी वळवली, "बिस्किट घ्या ना!" ताई, पाटवडीच्या रश्श्याबरोबर पाहुण्यांनी बिस्किटं खाल्ली. (केयूरने दोन घेतली. पोरगा सोशिक आहे.) मुग्धाचं तोंड एवढंसं झालं होतं, मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात रश्श्याने भैय्याजींना जबर ठसका लागला आणि ते हात हलवत ओरडले, "वहिनी, बिसलेरी द्या ना लवकर!"

मग त्यांच्या सौ. इंदुताईच खो खो हसत सुटल्या, "घरी बी हे असंच मांगतात!" भैय्याजी अर्धी बाटली रिचवून म्हणाले, "काहून हसून राहिले गा सारे? जिभेले कंपनी समजते काय?" मग तेही हसले, आणि त्या हसण्यातच तारीख ठरली. मी हात धुवायला म्हणून आत गेलो आणि खरंच रडलो.

तुझा धाकटा,
अनंत

ता. क. लग्नाला आठ दिवस आधी ये.

ता. क. पुन्हा. निघताना भैय्याजी बाटली उंचावून म्हणाले, "आमच्या शीतलधाराची चवच अलग!" आता खरं सांगतो. अख्खा इतवारी बाजार पालथा घालूनही शीतलधारा मिळाली नव्हती. केयूरने मुग्धाला वेळोवेळी दिलेल्या शीतलधाराच्या रिकाम्या बाटल्या पुष्पलताने सकाळी नळावर भरल्या होत्या. अक्षता पडेपर्यंत हे पोटात ठेव. पत्र वाचून फाडून टाक, आणि फाडण्याआधी त्याची झेरॉक्स काढू नकोस.