सोडवणे दुसऱ्या सत्रात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व शुद्धीवर असताना लिहीत आहे. डॉक्टरांनी माझी नाडी तपासली, मेव्हण्यांनी डोके. दोघांच्याही हाती काही लागले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीस. आमची लग्नगाठ तिने मारली होती. एकोणतीस वर्षांत ती सैल झाली नाही, श्रेय कारागिराचे.

२. नाडीचे काळे बूट मेव्हण्यांस. ते आजही नाड्या माझ्या बहिणीकडून बांधून घेतात.

३. रस्त्याकडची खोली. हे कलम वादाचे असल्याने सविस्तर लिहितो.

या खोलीत शाळा सुटल्यावर, पाच ते सहा, मी अकरा मुलांना दोरीच्या गाठी शिकवतो. मेव्हण्यांना तेथे गाद्यांचे दुकान हवे आहे. "दादा, गाठी मारून कोणाचं पोट भरलंय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. वर्गाची उपयुक्तता एकदा स्वतः पाहावी, असे मी सुचवले. ते आले, खुर्चीत बसले, आणि मुलांनी त्यांना नऊ गाठींनी खुर्चीला बांधले. नऊही निर्दोष.

येथे एक बाब नमूद करणे भाग आहे. अभ्यासक्रमानुसार गाठ बांधणे पहिल्या सत्रात येते आणि सोडवणे दुसऱ्या. तेव्हा पहिले सत्र चालू होते. मला स्वतःला गाठी सोडवता आल्या असत्या. परंतु अभ्यासक्रम म्हणजे अभ्यासक्रम. मेव्हण्यांनी कात्री मागितली. दोरी वर्गाची असल्याने कात्री नाकारली.

मेव्हणे उसळू लागले, तशा गाठी आवळू लागल्या. तेव्हा त्यांचीच मुलगी, म्हणजे माझी भाची, पुढे आली. शाळेत तिला घुमी म्हणतात. पहिल्या दिवसापासून ती हजेरीलासुद्धा फक्त मान हलवत असे. ती म्हणाली, "बाबा, हलायचं नाही. ओढाल तेवढी आवळेल."

मेव्हणे हलले नाहीत. तिने दुसरे सत्र घरी आधीच वाचून ठेवले होते (नियमबाह्य, माफ केले). नऊही गाठी तिने सोडवल्या आणि प्रत्येकीचे नाव मोठ्याने घेतले.

सबब ही खोली, सर्व दोऱ्यांसह, घुमीस. ती सज्ञान होईपर्यंत किल्ली पत्नीकडे. वर्ग एक दिवसही बंद पडू नये.

४. हा कागद मी दोरीने बांधून ठेवत आहे. गाठ घुमीला ठाऊक आहे. दोरी कापलेली आढळल्यास ते कृत्य मेव्हण्यांचे समजावे. आणि खोलीत एक जरी गादी आली, तर मेल्यावरही गाठ माझ्याशी आहे.

सही

साक्षीदार:
१. समोरचे शिंपी (सुरगाठीला ते गाठ मानत नाहीत, मतभेद कायम)
२. पलीकडच्या शाळेच्या शिपाईबाई (घुमीचा आवाज फाटकापर्यंत आल्याचे शपथेवर सांगतात)

स्थळ: रस्त्याकडची खोली
दिनांक: ७ नोव्हेंबर, दुसऱ्या सत्राचा पहिला दिवस