भायलो

१२ मार्च, बुधवार. तिन्हीसांजा.

बागेत नारळ फुटला, उद्यापासून आंबे उतरवायचे. पण कानातून ते "होय म्हाराजा" जात नाही.

बाबांनी बागेच्या राखणदार देवाच्या दगडापुढे गाऱ्हाणं घातलं; प्रत्येक मागण्यावर आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. माझं नाव घेतलं, दादाचं घेतलं, टेम्पोसुद्धा सोडला नाही. वर्षानुवर्षं बागेत राहून राखण करणाऱ्या नेपाळी प्रेमचं मात्र नाही. वर म्हणाले, "जो कोण भायलो बागेत शिरात, तेका वाटेतच अडव रे म्हाराजा."

बाहेरचा म्हणजे कोण? दुपारी जेवताना विचारलंच. "बाबा, प्रेम भायलो काय?"

"नाय गो. घरच्यासारखोच तो."

"मगे गेल्या वर्षी आंबे चोरीक गेले, तेव्हा पयली झडती तेच्याच खोलीची कित्याक घेतलात?"

बाबा अर्धं ताट टाकून उठले. आई म्हणाली, "जेवताना ह्या कित्याक?" मग कधी? या घरात हे बोलायची वेळ कुठली? मीही चिडूनच विचारलं म्हणा. शांतपणे विचारलं असतं तर बसले असते का बाबा? नसतेच.

गाऱ्हाण्याला प्रेम माझ्या शेजारीच होता, चपला काढून, हात जोडून. भायल्याला अडव म्हटल्यावर सगळ्यांत मोठ्याने "होय म्हाराजा" त्यानेच म्हटलं.