ओन्नेलेखाली काय काय मावतं

सिज्जिवी, माल्टा
मे १९५१, पहिला रविवार

प्रिय स्टेला,

धाकटी असलीस तरी आता ऑस्ट्रेलियावाली झालीस, म्हणून आशीर्वादाबरोबर थोडा नमस्कारही जोडून पाठवते. तुझा दमा, नवऱ्याची कंबर आणि तुमच्याकडची ती उलटी थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आधीच सांगून टाकते, आई गेल्यावर तिची रेशमी ओन्नेला तू कोणाला न विचारता ट्रंकेत घालून मेलबर्नला नेलीस, ते मी पोटात घातलं आहे. (वेळ लागला, पण घातलं.) मी आता फॅशनची बाई झाले. ओन्नेलेचा तो डोक्यावरून खाली येणारा काळा घेर, पुठ्ठ्याची कमान, कड धरण्यात कायमचा अडकलेला एक हात, यातलं मला काही नको.

हे कसं झालं ते ऐक. आपल्या इनेसचं लग्न ऑक्टोबरात ठरल्याचं तुला कळवलंच होतं. मुलगा स्लिमाचा, नाव एडगर, कचेरीत कारकून, आणि डोक्याला इतकं तेल की माशी बसली तर घसरून पडावी. फेब्रुवारीत त्याच्या आईनं, म्हणजे विहीणबाई एल्वीरा यांनी, मला चहाला बोलावलं. मी रीतीप्रमाणे ओन्नेला घालून निघाले आणि रिकाम्या हातानं कशाला जायचं म्हणून आत दोन जिवंत ससे घेतले. (कुठे घेतले ते विचारू नकोस. तुला माहीत आहे, तूही साखर तिथेच लपवून आणायचीस.) स्लिमाला उतरले तर समुद्रावरून असा वारा सुटला की ओन्नेलेचं शीड झालं. मी चालत नव्हतेच, वारा मला नेत होता. विहीणबाई दारात स्वागताला उभ्या होत्या. त्यांना, त्यांच्या टोपीला आणि दारामागच्या शोभेच्या कुंडीला मी एकाच घेरात घेतलं. त्या अंधारात त्यांच्या हाताला ससा लागला. पुढे त्या काय बोलल्या ते इंग्रजीत होतं, म्हणून मला लागलं नाही. एक ससा अजून त्यांच्या पियानोखाली आहे असं एडगर म्हणतो.

घरी आल्यावर इनेस म्हणाली, "आई, आता जगात हे कोणी घालत नाही."

मी म्हटलं, "जगाला म्हणावं ये सिज्जिवीत, बघ किती घालतात ते."

"म्हाताऱ्या घालतात."

"मग मी कोण आहे गं? चौदा वर्षांची?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर माझी ओन्नेला टेबलावर, चार तुकड्यांत. इनेसनं झेप्पा शिंपिणीला बोलावून तिचाच साखरपुड्याचा फ्रॉक बेतायला घेतला होता, मासिकातल्या चित्राबरहुकूम. खाली घेर असा की खुर्चीत मावू नये, आणि कंबर माझ्या मनगटाएवढी. मला संताप आला आणि रडूही आलं. पॅरिसच्या या लोकांना एकदा धरून विचारायला हवं. आजीच्या वेळी त्यांनी बायकांच्या मागे उशा बांधल्या. आईच्या वेळी उशा सोडवून गुडघे उघडे टाकले. आता गुडघे झाकले आणि कंबर आवळली. एवढ्या काळात आमची ओन्नेला होती तिथेच होती, कारण तिच्यात उघडं टाकण्यासारखं किंवा आवळण्यासारखं काही नव्हतंच. आत फाटका झगा असो, पिठाचे हात असोत, बाहेर सगळ्या जणी सारख्याच बायका.

मग मला टोपी आली. हिरवी, पिसं लावलेली. पहिल्याच रविवारी मिस्सेला ती घालून बसले आणि कळलं की आजवर दुन सालव पाद्रीबाबांचं एकही प्रवचन मी ऐकलेलं नाही. त्या कमानीच्या आड मी इतकी वर्षं निवांत झोपत आले होते. टोपीला आड कुठलं? मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "डोलोर, ऊठ. नरकाचं चाललंय." सगळं देऊळ हसलं. पण असो, सवय होईल.

इनेसचं म्हणशील तर फ्रॉक मार्चमध्ये छान बसला होता. आता झेप्पानं तो दोनदा उसवून सैल केला, तरी बसत नाही. मी म्हणते रिकोट्याचे पास्तीत्सी कमी खा. तर पास्तीत्सीचा वाससुद्धा तिला सहन होत नाही, खारवलेले केपर मात्र मूठ मूठ खाते. लग्नाचा पांढरा झगाही त्याच मापाचा बेतला आहे, तेव्हा काळजीच आहे. शिवाय लग्न ऑक्टोबरातून उचलून जूनअखेरीला आणलं. एडगरला अचानक घाई झाली म्हणे. तरुण माणसं, त्यांचं त्यांना ठाऊक.

मला स्वतःला तुझ्याकडून काहीही नको. नवऱ्याला आठवण सांग.

तुझी फॅशनेबल बहीण,
डोलोर

ता. क. हिरवी टोपी वेगळ्या पार्सलानं तुला भेट पाठवते आहे. एका बाजूची पिसं शेजारच्या कोंबड्यानं उपटली आहेत, ती बाजू भिंतीकडे ठेव.

आणखी ता. क. स्टेला, आईची ओन्नेला पाठव. बोटीनं नको, विमानानं. माझ्यासाठी नव्हे गं. काल इनेस माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली आणि तिनं सगळं सांगितलं, वर ते लिहायचा मला धीर झाला नाही. मला फार भीती वाटते, आपल्या गावाच्या जिभा तुला माहीत आहेत. इथे कोणाची मागावी, तर का मागितली हे मागायच्या आधी कळेल. आणि माझी होती तिचा त्या पोरीनं स्वतःच्या हातानं फ्रॉक केला. विहीणबाईंना काय सांगायचं ते एडगर बघेल, त्यानं करून ठेवलं आहे, त्यानंच निस्तरावं. आईची ओन्नेला या कामात मुरलेली आहे. आई तीच घालून वेदीपुढे उभी राहिली, आणि पुढे सातव्या महिन्यात मी जन्मले, चांगली दणदणीत.

शेवटचं ता. क. दुन सालवांना मी सांगितलं की इनेस आजीची ओन्नेला घालूनच लग्नाला उभी राहणार. त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारी ते गावातल्या सगळ्या मुलींना तिचा कित्ता गिरवायला सांगणार आहेत.