टेबलाखालचं चौथं बटन

हॅमिल्टन, मंगळवार सकाळ

ती. शांताआत्यास,

देवव्रतचा साष्टांग नमस्कार (खुर्ची सोडायची परवानगी नसल्यामुळे बसूनच घातला आहे, चालवून घे).

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? मी मजेत आहे, म्हणजे शुक्रवारपर्यंत होतो. कागदावर लिहितोय याचं नवल वाटेल. पण व्हॉट्सअपवर तुला काहीही पाठवलं की तुझा अंगठा लागून ते घरच्या ग्रुपवर जातं, आणि बाळासाहेबकाका त्याला जोडलेले हात पाठवतात. या मजकुराला हात जोडून भागणार नाही.

तर तू तुझ्या ट्यूशनच्या जुन्या विद्यार्थिनीला, प्राचीला, फोन करून "माझा भाचा एका जागी टिकत नाही, त्याला जरा बसव" म्हणालीस, आणि तिने अक्षरशः बसवलं. (त्याआधीच्या सहा नोकऱ्यांत मी उभा होतो. किवीफळांच्या शेडमध्ये उभा, ख्राइस्टचर्चला बांधकामाच्या परांचीवर उभा, फ्लॅट बुशला एकाचं कुंपण रंगवताना तर शिडीवर उभा. ते कुंपण अजून अर्धंच आहे, पण तो वेगळा विषय.) प्राचीची कंपनी म्हणजे पाच माणसं. गोठेवाल्यांच्या दुधाच्या टाक्या थंड ठेवणारे कॉम्प्युटर असतात, त्यांच्यावर ही कंपनी लक्ष ठेवते. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. ते दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक गोठ्याला विचारतं, "आहेस का?" तिकडून "आहे" आलं की पडद्यावर हिरवा ठिपका. नाही आलं, किंवा दूध कोमट व्हायला लागलं, की लाल ठिपका आणि लगेच वेदांतच्या फोनवर घंटा. मी पडद्याकडे बघत बसायचं. आत्या, हिरव्या ठिपक्याकडे आठ तास बघून बघ. मी पहिल्या आठवड्यात चौदा वेळा पाणी प्यायला उठलो, तेही दिवसाला.

हा वेदांत पुण्याचाच, भला माणूस, पण वर्षभर झोप नाही. गाईने वायर चावली, घंटा. वारा सुटला, घंटा. एकदा कुणीतरी टाकीच्या कॉम्प्युटरवर ओले टॉग्ज (इथे पोहण्याच्या कपड्यांना म्हणतात) वाळत घातले, तरी घंटा. त्याची बायको ईशा म्हणते, या फोनला वेगळी खोली द्या नाहीतर मला. म्हणून त्याने तीन आठवडे खपून सॉफ्टवेअरला शहाणं केलं, की खऱ्या संकटालाच ओरड, वाऱ्याला ओरडू नकोस. शुक्रवारी दुपारी ते काम झालं आणि दोन दिवस चाचणीला लावलं. सगळे पाचला गेले. शेवटचा मी.

आता इथे तू येतेस. मी तुझ्याकडे चिंचवडला होतो तेव्हा उंबरठा ओलांडण्याआधी प्रत्येक बटनाला हात लावून मोठ्याने बोलायला लावायचीस, गॅस, गीझर, इस्त्री, टीव्ही. ते माझ्या हाताला लागलंय, डोक्याला विचारत नाही. पंखा बंद केला, किटली बंद, मायक्रोवेव्ह बंद, मग टेबलाखाली ओळीने चार बटनं होती ती चारी बंद. चौथ्यावर तो काळा डबा होता, म्हणजे सगळ्या वायकाटो भागातल्या गोठ्यांना "आहेस का?" विचारणारा. मी जँडल (इथल्या रबरी चपला) घातले आणि थेट रॅगलनला समुद्रात गेलो. दोन दिवस छान गेले.

सोमवारी मीच आधी पोचलो. पडदा काळा. बटन दाबलं, हिरवे ठिपके उगवले, आणि मी म्हटलं, चला, कुणाला कळलं नाही. मग वेदांत आला. वर्षभरात तो पहिल्यांदाच दाढी केलेला दिसला. म्हणाला, "देव्या, एक घंटा नाही रे दोन दिवसांत. शनिवारी जेवून आडवा झालो तो थेट संध्याकाळी. ईशाने नाकापुढे बोट धरून बघितलं." ईशाने बेसनाचे लाडू पाठवले होते. प्राचीने सगळ्यांसमोर जाहीर केलं की वेदांतची करामत गुरुवारपासून एकशे चाळीसही गोठ्यांना कायमची लावायची आणि रात्री कुणी जागं राहायचं नाही. मी तीन लाडू खाल्ले.

तेवढ्यात मोरिन्सव्हिलच्या एका म्हाताऱ्या गोठेवाल्याचा फोन. रविवारी त्याची टाकी बंद पडली, दूध कोमट झालं, सगळं ओतून द्यावं लागलं, आणि आमच्याकडून हूं नाही की चूं नाही. प्राची त्याला म्हणाली, तुमचं इंटरनेट गेलं असेल. तो म्हणाला, पन्नास वर्षं टाकीला हात लावून बघत होतो, तेच बरं होतं.

आता न बोलावं तर गुरुवारनंतर असे एकशे चाळीस. बोलावं तर सातवी नोकरी जाते, व्हिसा त्याच नोकरीवर आहे, आणि वेदांतची झोपही जाते. मी रात्रभर विचार केला आणि आज सकाळी सगळ्यांसमोर उभा राहून स्पष्ट सांगितलं. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "अशी माणसं मिळत नाहीत." वेदांतने मिठी मारली. असो, स्वतःबद्दल किती लिहायचं.

तब्येतीला जप.

तुझा,
देवव्रत

ता. क. प्राचीचा फोन आलाच, तर बटनं बंद करणं ही तुझ्या घरची शिस्त आहे एवढं सांग. तुझा शब्द ती मोडणार नाही. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. २. वर प्राचीला सांगितल्याचं लिहिलंय ते अजून झालेलं नाही. आधी लिहून बघितलं, कसं दिसतं ते. बरं दिसतंय. तिची गाडी आत्ताच खाली लागली. जातो.

ता. क. ३. सांगितलं. डोळ्यांत पाणी वगैरे नाही. प्राचीने एवढंच विचारलं, "कुठलं बटन?" मी टेबलाखाली शिरून दाखवलं. मग तिने त्या म्हाताऱ्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तो सगळं ऐकून म्हणाला, शनिवारी पहाटे गाई पिळायला ये, म्हणजे काय ओतलं ते कळेल. नोकरी आहे. गुरुवारचं पुढे ढकललं. वेदांत काही बोलला नाही, नुसता घंटेचा फोन माझ्यापुढे ठेवला. दोन आठवडे तो माझ्याकडे, आणि शनिवारची पहाट सोडली तर ऑफिसपासून दहा मिनिटांच्या पलीकडे जायचं नाही. पत्राची पेटी बारा मिनिटांवर आहे. दोनदा निघालो, दोन्ही वेळा पेट्रोल पंपापाशी घंटा झाली. म्हणून हे पत्र तुझ्या हातात पडलंच, तर वेदांत माझ्याशी बोलायला लागला आणि त्याने ते नेऊन टाकलं, असं समज.